वॅगन-आर २०१९ की ग्रँड आय-टेन २०१८? गुहागरात वापरायला जुनी गाडी, बजेट चार लाख

गुहागरी | ८ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

घरात पहिली चारचाकी घ्यायची आहे, जुनीच. गाडीची किंमत, नावावर करायचा खर्च, विमा आणि ताब्यात आल्यावर लगेच निघणारं काम, हे सगळं चार लाखांत बसवायचं आहे. त्याच्या वर जाणार नाही. कर्ज काढायचं नाही हे घरात ठरलेलं आहे.

माणसं पाच. आम्ही दोघं, एक मुलगा सहावीत, मुलगी दुसरीत, आणि आई. आईचे दोन्ही गुडघे दुखतात. तिला दर महिन्याला चिपळूणला डॉक्टरकडे न्यावं लागतं. आत्तापर्यंत एसटी, नाहीतर शेजाऱ्यांची रिक्षा. पावसात तेवढ्या लांब रिक्षातून जाताना तिचे होणारे हाल बघवत नाहीत. गाडीचा विचार तिथूनच सुरू झाला. एरवी रोज शाळेत जाणं-येणं (मी शिक्षक आहे), त्यात थोडा रस्ता कच्चा, जांभ्याचा. अधूनमधून कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला, बायकोच्या माहेरी.

बघून बघून दोन गाड्यांवर आलोय.

वॅगन-आर व्हीएक्सआय, १.२ पेट्रोल, जून २०१९, एमएच-०८, चिपळूणचीच. एक मालक, ५२ हजार किलोमीटर. ३ लाख ९५ हजार सांगताहेत.

ग्रँड आय-टेन मॅग्ना, १.२ पेट्रोल, मार्च २०१८, एमएच-०९, कोल्हापूरची. एक मालक, ४४ हजार किलोमीटर. ३ लाख ७० हजार.

दोन्ही गाड्यांचं नाव चांगलं आहे हे माहीत आहे. आपल्या किनारपट्टीवर, आपल्या रस्त्यांवर, आणखी सात-आठ वर्षं कोणती नीट साथ देईल? वापरलेल्यांनी सांगा.

---

दापोलीची_सून | ८ नोव्हेंबर, रात्री १०:१५

वॅगन-आर. मी हीच गाडी, हेच इंजिन, रोज चालवते.

तुमच्या आईसाठी म्हणून आधी सांगते. सासूबाईंच्या कमरेचं ऑपरेशन झालंय. आमच्या आधीच्या गाडीत त्यांना बसवायचं म्हणजे खाली वाकवून, डोकं सांभाळून, मग एकेक पाय उचलून आत घ्यायचा. वॅगन-आरची सीट बरोबर कमरेच्या उंचीला येते. दरवाजा उघडायचा, पाठ सीटकडे करून टेकायचं आणि वळायचं. उतरताना पाय सरळ जमिनीला लागतात. गुडघेदुखीच्या माणसाला एवढा एक मुद्दा पुरेसा आहे. आईंना घेऊन जा आणि दोन्ही गाड्यांत बसवून बघा, बाकी काही विचारावंच लागणार नाही.

डिक्की ३४१ लिटरची आहे. ग्रँड आय-टेनची २५६. गणपतीत किंवा मे महिन्यात आंब्याच्या पेट्या न्यायच्या असतील तर हा फरक लगेच कळतो.

आता न आवडणारं. गाडी उंच आणि हलकी आहे. हायवेला ऐंशीच्या वर बाजूने वारा लागला की स्टिअरिंगवर जाणवतो, वळणावर अंग टाकते. टाकी फक्त ३२ लिटरची, आय-टेनची ४३. लांबच्या प्रवासात पंप लवकर शोधावा लागतो.

---

पंचगंगा | ८ नोव्हेंबर, रात्री १०:५०

मी कोल्हापूरचा. घरात ग्रँड आय-टेन आहे, म्हणून तिची बाजू मांडतो.

रस्त्याला धरून चालणं, दरवाजे लावतानाचा भक्कमपणा, आतली शांतता, सगळ्यात आय-टेन एक पायरी वर आहे. कुंभार्लीची वळणं घ्याल तेव्हा पटेल. ८३ पीएस ताकदीचं इंजिन दोघींचंही, पण आय-टेन घाटात माणसं भरून चढताना कमी ओरडते. आणि एक गोष्ट, गाडी कोल्हापुरात वाढलेली आहे. तिला खारा वारा लागलेला नाही.

वाटल्यास मी जाऊन गाडी बघून येतो. पत्ता निरोपातून कळवा.

---

तुतारी_एक्सप्रेस | ९ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

तिसरा पर्याय, टियागो. ग्लोबल एनकॅपच्या (गाड्या धडकवून सुरक्षितता तपासणारी संस्था) चाचणीत २०२० मध्ये तिला चार तारे मिळाले. २०१९ मध्ये वॅगन-आरला दोन मिळाले होते. मुलं बसणार आहेत तर पत्र्याचा विचार आधी करा.

---

गुहागरी | ९ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

ताई, तुम्ही सीटचं सांगितलंत ते वाचून आईला दाखवलं, तिने लगेच मान हलवली. पंचगंगा साहेब, फार आभार, पत्ता पाठवला आहे.

तुतारी, तुमचा मुद्दा खरा आहे आणि मीही त्यासाठी टियागो बघून आलो होतो. सीट खाली आहे. आईला बाहेर काढायला दोघं लागलो. शिवाय बजेटमध्ये मिळाली ती तीन मालकांची होती.

---

मालवणी_पाना | ९ नोव्हेंबर, दुपारी १:३०

माझं कुडाळला गॅरेज आहे. खालसून बघल्याशिवाय पैशे देव नको, एवढाच माझा म्हणणा. बाकी चर्चा नंतर.

दोन्ही इंजिनं दणकट आहेत. दोन्हींना टायमिंग चेन आहे, पट्टा बदलायचा खर्च नाही. ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर दीड लाख किलोमीटरपर्यंत इंजिन उघडायची वेळ सहसा येत नाही. कोकणात गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. समुद्राजवळच्या घरात रात्रभर उघड्यावर उभी राहणारी गाडी सकाळी ओली असते, ते दव खारं असतं. त्यात पावसाळ्याचे चार महिने लाल चिखल खाली चिकटतो आणि ओल धरून ठेवतो. आपले काही लोक, आणि पर्यटक तर हमखास, गाडी वाळूत उतरवतात. एकदा समुद्राचं पाणी खाली गेलं आणि त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुतलं नाही तर पुढच्या वर्षी दिसतं.

गाडी रॅम्पवर चढवायला सांगा. मालक नको म्हणाला तर तिथेच विषय संपला. खाली गेल्यावर सायलेन्सरचा मागचा डबा आणि त्याचा जोड बघा, मागचा एक्सल, पुढचे लोअर आर्म (चाक धरणारे खालचे दांडे), ब्रेकचे लोखंडी पाइप, स्प्रिंग बसते ती वाटी. मग दाराखालची लांब पट्टी. पेचकस उलटा धरून मुठीने हळूहळू ठोकत पुढून मागे या. धड पत्रा टणटण वाजतो. कुजलेल्या जागी आवाज बसतो, भद्द येतो, कधी पापुद्रा हातात पडतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरायची बारीक भोकं असतात, ती मातीने बुजली असतील तर दार आतून गंजायला लागलंच म्हणून समजा. डिक्कीतली चटई उचला, स्टेपनी बाहेर काढा, त्या खळग्यात हात फिरवा.

वरवरचा तांबडा गंज एक्सलला, सायलेन्सरला असतोच. त्याला घाबरायचं नाही, तो घासून निघतो, सायलेन्सर बदलता येतो. दाराखालची पट्टी आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला धरलंय ती जागा, इथे गंज आत गेला असेल तर गाडी फुकट दिली तरी घेऊ नका.

आणि खालून ताजा काळा कुळकुळीत कोट मारलेला दिसला तर जास्त सावध व्हा. विकायच्या आठवड्यात कुणी गाडीवर मायेने कोटिंग करत नाही.

---

आंबा_घाट | ९ नोव्हेंबर, दुपारी २:१०

वरच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन. भर एवढीच की गाडी थंड असताना सुरू करून बघा. आधीच गरम करून ठेवली असेल तर बोनेटवर हात ठेवल्याबरोबर कळतं. आणि ट्रायल सपाटीवर घेऊ नका. चिपळूणला बघणार आहात तर परशुरामच्या चढाला चार माणसं बसवून, एसी लावून न्या. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही.

---

वाशिष्ठीकाठ | ९ नोव्हेंबर, सायं. ६:४५

मी चिपळूणचा, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. गुहागरी, ही वॅगन-आर २२ जुलै २०२१ ला कुठे उभी होती?

त्या दिवशी वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी गावात शिरलं तेव्हा बाजारपेठ, एसटी स्टँड, सगळं पाण्याखाली होतं. कित्येक ठिकाणी माणूस बुडेल इतकं पाणी. आमच्या गल्लीत गाड्या तरंगून एकमेकींवर चढल्या होत्या. पाणी उतरल्यावर त्यातल्या काही भंगारात गेल्या, काही विमा कंपन्यांनी लिलावात काढल्या, आणि काही धुऊन-पुसून, सीट कव्हर बदलून पुन्हा रस्त्यावर आल्या. अशी गाडी वर्षभर बरी चालते. मग वायरींच्या जोडांवर हिरवा कळंक चढतो आणि एकेक गोष्ट बंद पडायला लागते. आज काच खाली जात नाही, उद्या एअरबॅगचा दिवा पेटून राहतो, परवा भर पावसात गाडी सुरूच होत नाही. मेकॅनिकला दोष सापडत नाही कारण दोष सगळीकडे असतो. आमच्या घरातच असं झालेलं आहे. ज्याच्याकडून घेतली त्याने पाण्याचा प भर उल्लेख केला नव्हता.

बघायचं कसं ते सांगतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी अडेपर्यंत. रोज वापरात येतो तो वरचा भाग कुणीही धुऊन ठेवतो. जो भाग कायम गुंडाळीत असतो तिथे गाळाची फिकट रेघ राहते, शिवणीच्या दोऱ्यांत माती बसलेली असते. नखाने खरवडली तर निघते. मागचे बेल्टही ओढा, ते धुवायचं बहुतेकांना सुचत नाही. पुढची सीट पूर्ण मागे-पुढे सरकवून रुळाचे बोल्ट बघा. कार्पेट कोपऱ्यातून उचलून खालच्या फोमचा वास घ्या. गाडीत उग्र सुगंधी बाटली लटकत असेल तर ती काढून, काचा बंद करून, पाच मिनिटं आत बसा.

आणि कोल्हापूरची गाडी म्हणून निर्धास्त राहू नका. तिथे ऑगस्ट २०१९ ला पूर होता आणि जुलै २०२१ लाही. २०१८ ची गाडी दोन्ही वेळी तिथेच होती.

---

पंचगंगा | ९ नोव्हेंबर, रात्री ८:००

हे अगदी बरोबर. शाहूपुरीत २०१९ ला काय झालं ते डोळ्यांनी बघितलंय. बेल्ट ओढायचं लक्षात ठेवतो.

---

गुहागरी | ९ नोव्हेंबर, रात्री ९:२०

वाशिष्ठीकाठ, तुमचा प्रश्न वाचून लगेच मालकांना फोन केला. म्हणाले, पुराच्या वेळी गाडी मार्गताम्हान्याला सासरी होती, पाणी लागलेलंच नाही. माणूस भला वाटतो. पण शब्दावर किती विसंबायचं? सर्व्हिसचा इतिहास दाखवतो म्हणालेत. आणखी काही मार्ग आहे का?

---

विमा_सल्लागार | १० नोव्हेंबर, सकाळी १०:३०

मार्ग आहे, आणि तो मालकाच्या खिशातच आहे. चालू पॉलिसी मागा. त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती टक्के लिहिलाय ते बघा.

क्लेम न केलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एकदा क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला तो शून्यावर येतो आणि पुन्हा पहिल्यापासून चढायला लागतो. ही गाडी जून २०१९ ची. पॉलिसी दर जूनला नवी होत असणार. जुलै २०२१ मध्ये पुराचा क्लेम झाला असता तर जून २०२२ ला बोनस शून्य, २०२३ ला २०, २०२४ ला २५ आणि यंदाच्या जूनच्या पॉलिसीवर ३५ दिसला असता. एकही क्लेम नसेल तर आज ५० दिसायला हवा.

आय-टेनचंही असंच गणित मांडता येईल. २०२१ नंतर क्लेम नसेल तर निदान चढता आकडा मिळतो. मात्र २०१९ चा क्लेम असेल तर तो आजच्या आकड्यात दिसणार नाही, कारण मधल्या वर्षांत बोनस पुन्हा ५० वर पोचलेला असू शकतो. तिथे जुन्या पॉलिसीच्या प्रती मागाव्या लागतील.

दोन अपवाद ध्यानात ठेवा. बोनस शाबूत ठेवणारं जोडकलम घेतलेलं असेल तर क्लेम होऊनही आकडा पडत नाही, त्यामुळे पॉलिसीचं ते पानही वाचा. आणि कुणी स्वतःच्या पैशाने दुरुस्ती केली असेल तर कागदावर काहीच येत नाही. म्हणून बेल्ट ओढणं चुकवू नका, दोन्ही एकमेकांना धरून आहेत.

जाता जाता, तो बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही. तुम्हाला हप्ता पूर्ण भरावा लागेल. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) हप्ता ३,४१६ रुपये ठरलेला आहे, जीएसटी आणि गाडीच्या नुकसानीचा भाग वेगळा. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्या. लोक आरसी नावावर करतात आणि विम्याचं विसरतात, मग अपघात झाल्यावर क्लेम अडकतो.

---

सागरी_महामार्ग | १० नोव्हेंबर, दुपारी १२:१५

२२ सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आलाय. नव्या वॅगन-आरची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत पाच लाखांच्या आत आलीय. जुनीला चार लाख घालण्यापेक्षा थोडं थांबून नवीनच का घेत नाही?

---

गुहागरी | १० नोव्हेंबर, दुपारी १:००

हिशोब करून बघितला. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, वर विमा, बाकी खर्च, साडेपाचच्या पुढे जातं, तेही सगळ्यात खालच्या मॉडेलला. दीड लाख कर्ज काढावं लागेल. ते नको.

---

आंबा_घाट | १० नोव्हेंबर, दुपारी १:४०

पण भाव करताना हे नक्की वापरा. नवी गाडी स्वस्त झाली म्हटल्यावर जुनीचा भाव जुनाच कसा राहील? ३ लाख ९५ हजार हा सप्टेंबरच्या आधीचा आकडा आहे.

---

पंचगंगा | १२ नोव्हेंबर, रात्री ८:३०

आय-टेन बघून आलो. बरोबर आमचा नेहमीचा मेकॅनिक होता.

खालून गाडी फार स्वच्छ आहे. साडेसात वर्षांची वाटत नाही. सायलेन्सरला नाममात्र गंज, दाराखालची पट्टी ठणठणीत. चारही बेल्ट शेवटपर्यंत ओढले, कोरडे आणि स्वच्छ. कार्पेटखाली काही नाही. उजवं पुढचं दार पुन्हा रंगवलेलं आहे, मालकांनी स्वतःहून सांगितलं, गेटला घासलं होतं. इंजिन थंड असताना एका झटक्यात सुरू झालं. समोर दोन एअरबॅग आहेत.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. चावी फिरवल्यावर एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) दिवा लागत नाही. मेकॅनिकने बोनेट उघडून बघितलं, या गाडीला एबीएस नाहीच. २०१८ च्या या मॉडेलला कंपनीकडून नव्हतं.

तरीही माझं मत आय-टेनच. पत्रा बघून.

---

मालवणी_पाना | १२ नोव्हेंबर, रात्री ९:१०

एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. म्हणून जून २०१९ च्या वॅगन-आरला असणारच. चालू आहे की नाही ते बघायचं. चावी फिरवली की दिवा पेटला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. पेटलाच नाही तर बल्ब काढलाय किंवा बिघाड लपवलाय. पेटून राहिला तर सेन्सर गेलाय.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर रस्ता ओला, त्यावर शेवाळ, पालापाचोळा, आणि वळणावर समोरून येते एसटी. घाबरून ब्रेक जोरात दाबला की बिगर-एबीएस गाडीची चाकं जाम होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच घसरते. नव्या चालवणाऱ्याला ब्रेक सोडून-धरून मारणं जमत नाही, माझ्यासारख्या जुन्यालाही ऐनवेळी सुचेलच असं नाही. तुमची पहिलीच गाडी आहे, म्हणून लिहिलं.

---

दापोलीची_सून | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

पण वॅगन-आर व्हीएक्सआयला शेजारच्या सीटला एअरबॅग कायम नसते, ती वेगळी घ्यावी लागायची. डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला एअरबॅगची अक्षरं कोरलेली आहेत का बघा. नसतील तर फक्त चालवणाऱ्याला आहे.

---

गुहागरी | १६ नोव्हेंबर, रात्री ८:००

आज रविवार, चिपळूणला जाऊन आलो. आईलाही नेलं होतं. सविस्तर लिहितो, कारण पुढे कुणाला तरी उपयोग होईल.

पॉलिसीवर बोनस ५० टक्के. जोडकलमांचं पान वाचलं, बोनस शाबूत ठेवणारं कलम घेतलेलं नाही. बेल्ट सगळे अडेपर्यंत ओढले, मागचा मधला धरून. मागच्या डाव्या बेल्टच्या गुंडाळीत बिस्किटाचा चुरा निघाला, गाळ नाही. सीटच्या रुळाचे बोल्ट थोडे काळपट, पण डोकी शाबूत. सर्व्हिसच्या नोंदी २०१९ पासून सलग आहेत, किलोमीटर चढत्या क्रमाने जुळतात, २०२१ च्या पावसाळ्यानंतरची नोंद साध्या सर्व्हिसची आहे. मालकांच्या शब्दावर आता माझा विश्वास बसलाय.

मग रॅम्प. ओळखीच्या फिटरला बरोबर घेतलं होतं. सायलेन्सरचा जोड गंजून पातळ झालाय, मागचा डबा बदलावाच लागेल. मागच्या एक्सलवर तांबडा गंज, तारेच्या ब्रशने घासल्यावर खाली पत्रा चांगला निघाला. दाराखालच्या दोन्ही पट्ट्या मी स्वतः पेचकसच्या मुठीने ठोकल्या, पुढून मागेपर्यंत एकसारखा आवाज. मागच्या उजव्या दाराची भोकं मातीने बुजलेली होती, सळईने मोकळी केल्यावर बरंच लाल पाणी निघालं, पण कड कुजलेली नाही. पुढच्या लोअर आर्मचे बुश (जोडातले रबर) गेलेत, खड्ड्यात खट्ट आवाज येतो. टायर मूळचेच आहेत, बाजूला १९१९ कोरलंय, म्हणजे २०१९ सालचा एकोणिसावा आठवडा. नक्षी आहे, पण रबराला बारीक चिरा पडल्यात. चारही बदलायला लागतील.

एबीएसचा दिवा पेटला आणि विझला. मोकळ्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबून बघितला, पायाखाली थरथर जाणवली, गाडी सरळ थांबली. शेजारच्या सीटला एअरबॅग नाही, ताई म्हणाल्या तेच.

परशुरामचा चढ पाच जणांनी एसी लावून चढलो. क्लच ठीक.

आई मागच्या सीटवर कुणाचा हात न धरता बसली आणि उतरली. "हीच घे," एवढंच म्हणाली.

आता माझ्यासमोर प्रश्न असा. आय-टेनचा पत्रा चांगला आणि एअरबॅग दोन. वॅगन-आरला एबीएस आणि आईची सोय, पण गंजाची सुरुवात झालेली.

---

पंचगंगा | १६ नोव्हेंबर, रात्री ८:३५

माझं मत बदललेलं नाही. गंज एकदा धरला की सुटत नाही, तुमच्याकडे तर तो रोज वाढणार. आय-टेन आज स्वच्छ आहे, आजच कोटिंग करून घेतलंत तर आठ वर्षं बघावं लागणार नाही. ब्रेकसाठी चांगले टायर घाला आणि बेताने चालवा.

---

मालवणी_पाना | १६ नोव्हेंबर, रात्री ९:२०

पंचगंगा साहेबांचं म्हणणं चुकीचं नाही. पण ते बघतात ते आणि मी बघतो ते वेगळं. सायलेन्सर, बुश, टायर, हे सगळं दुकानात मिळतं, आणि वॅगन-आरचं तर तालुक्याच्या गावातही मिळतं. एक्सलवरचा गंज घासून, प्रायमर मारून, कोट देऊन थांबतो, मी रोज करतो. एबीएस मात्र मागाहून बसवता येत नाही. ज्या गाडीची पट्टी आणि सस्पेन्शनची जागा ठणठणीत आहे ती गाडी वाचलेली आहे.

एअरबॅगचं म्हणाल तर मुलं आणि आई मागे, बेल्ट लावून. मागच्या सीटलाही बेल्ट लावायचाच, चिपळूणपर्यंतच्या रस्त्यालाही. पुढे शेजारी बसणाऱ्यासाठी आय-टेन सरस, हे मान्य करावंच लागेल.

---

वाशिष्ठीकाठ | १६ नोव्हेंबर, रात्री १०:००

गाडी पुरातली नाही हे ऐकून बरं वाटलं. माझं मत वॅगन-आरला. आणखी एक व्यवहाराचं कारण, मालक तुमच्या गावापासून तासा-दीड तासावर आहे. कागदात काही अडलं तर भेटता येतं. कोल्हापूरची घेतलीत तर गाडी दुसऱ्या आरटीओकडची, कागद तिथून इथे आणायचे. होतं सगळं, पण वेळ जातो. शिवाय एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणून एचएसआरपी (नवी सुरक्षित नंबर) पाटी बसवली आहे का तेही बघावं लागेल.

---

विमा_सल्लागार | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:४५

कोणतीही घ्या, पूर्ण पैसे देण्याआधी सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नंबर टाकून बोजा (कर्जाची नोंद) आहे का ते बघा. कर्जाने घेतलेली असेल आणि फेडली असेल तरी बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ शिवाय बोजा उतरत नाही. ई-चलान बाकी असतील तर मालकाकडून भरून घ्या. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन नुसते ठेवून देऊ नका, लगेच दाखल करा. आणि जुन्या मालकासाठीही हे महत्त्वाचं आहे, नाव तसंच राहिलं तर उद्याच्या अपघाताची नोटीस त्यांच्या घरी जाते.

---

गुहागरी | २३ नोव्हेंबर, रात्री ९:००

वॅगन-आर घेतली. ३ लाख ६० हजारांना ठरली. आधी ३ लाख ८० पर्यंतच उतरत होते. सायलेन्सर, बुश आणि टायरचा खर्च कागदावर लिहून समोर ठेवला, नव्या गाडीची किंमतही सांगितली. त्यांनी तो कागद नीट वाचला आणि उतरले. टायर १७ हजार, सायलेन्सर आणि बुश मजुरीसकट ८, विमा साधारण ९, आरटीओचं ३ धरलंय. एकूण ३ लाख ९७ हजार. फॉर्म दाखल झाले, विम्याचा अर्जही दिला, बोजा नव्हता.

पंचगंगा साहेब, तुम्ही अनोळखी माणसासाठी आपला दिवस मोडून गाडी बघून आलात, त्याचे उपकार विसरणार नाही. तुमचा पत्र्याचा मुद्दा डोक्यात ठेवूनच कोटिंग आधी करायचं ठरवलंय.

पाना भाऊ, कोटिंग आत्ता करू की पावसाळ्याच्या तोंडावर?

---

पंचगंगा | २३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

अभिनंदन! आई खूश आहेत ना, मग झालं. ती आय-टेन माझ्या मेहुण्याने घेतली, परवाच.

---

मालवणी_पाना | २३ नोव्हेंबर, रात्री १०:१०

अभिनंदन. आत्ताच करा, पावसाळ्याची वाट बघू नका. आता हवा कोरडी आहे, पत्रा पूर्ण सुकतो. आधी खालून दाबाच्या पाण्याने धुवा, मग एक-दोन दिवस उन्हात. ओल्यावर कोट मारला तर ओल आत कोंडते आणि आतून सडवते. एक्सल घासून प्रायमर आधी, कोट नंतर. मारणाऱ्याच्या शेजारी उभे राहा. दाराखालची निचऱ्याची भोकं कोटाने बुजवू देऊ नका, सायलेन्सरला आणि ब्रेकच्या डिस्कला लागू देऊ नका. धोपाव्याच्या जेटीवरून फेरीबोटीने दाभोळला गेलात की त्या संध्याकाळी खालून गोडं पाणी मारायचं. पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा रॅम्पवर चढवा आणि फोटो इथे टाका, बघून सांगतो.